गेली असतीस का एकटी?

जयू, फोटो कुठला लावायचा यावरून तुझ्या घरात वाद झाला. तू असतीस तर हसून हसून लोळली असतीस. तुझ्या नवऱ्याला, मोरेश्वरभावजींना, तुझा पुतणीच्या हळदीतला हवा होता, नथ आणि लुगड्यातला. तुझा लेक म्हणत होता, हेल्मेटवाला लावू. शेवटी लुगडं जिंकलं. मी कोण बोलणारी? पण खरं सांगते, त्या फोटोतली शांत बाई मला ओळखूच येईना. मला माहीत असलेली जयवंती कानांवरून ओढणी गुंडाळून वर हेल्मेट घालायची, माझ्यापुढे पंधरा-वीस हातांवर सायकल हाणायची आणि मागे न बघता सारखी बोलायची. अर्धं वाऱ्यात जायचं. मी आपली ‘हो, हो’ म्हणायचे.

लोक येतात, बसतात, तू किती कष्टाळू होतीस ते सांगतात. सांगू देत बिचारे. मला मात्र तुझ्याशी एकाच दिवसाबद्दल बोलायचंय. एका दर्यापासून दुसऱ्या दर्यापर्यंत अख्खा देश आपण सायकलनं ओलांडला. किती गावं, किती घाट, मागे लागलेली किती कुत्री. आणि माझ्या मनात घर करून बसलाय तो रायपूरच्या अलीकडचा तो एक दिवस. त्या सकाळी मी तुला विचारलं होतं, मी इथून परत गेले तर तू एकटी पुढे जाशील? तू म्हणालीस, जाईन. त्यानंतर तू आजारी पडेपर्यंत मी तेच विचारत राहिले आणि तू तेच उत्तर देत राहिलीस. दरवेळी मी चेष्टेत विचारायचे. पण मला ते लागलं होतं गं. फार लागलं होतं.

आपली ओळखच मुळी सुक्या बोंबलांवरून झाली. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन तुळिंजला फ्लॅटमध्ये आलेली. मासळीतलं मला काय कळणार? बाजारात तुझ्या टोपलीतला बोंबील मी दाबून बघितला आणि तू सगळ्यांदेखत ओरडलीस, “वैनी, दाबताव काय? वांगा हाय काय तो?” मी इतकी चिडले की तुझ्याकडूनच घेतले, अर्धा किलो. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली, तशी तू टोपलीमागून मान लांब करून बघायला लागलीस. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली होती. तू म्हणालीस, “मलाबी शिकव.” मला वाटलं, भाव पाडून मागू नये म्हणून गोड बोलतेय. पुढच्या रविवारी तू खरंच फोन केलास.

पन्नाशीच्या बाईला सायकल शिकवणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. अर्नाळ्याला किनाऱ्यावर, जिथे बांबूंवर बोंबील वाळत घालता, तिथे आपली शाळा. वाळूत पडलं तर लागत नाही म्हणून ती जागा तूच निवडलीस. तुझ्या शेजारणी काम सोडून बघायला यायच्या. तू पडायचीस आणि पडल्यापडल्याच हसणाऱ्यांना शिव्या द्यायचीस, मग उठायचीस. तोल सांभाळायला शिकलीस, गिअर शिकलीस, गिरीजच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यानं एका हातानं चालवायला लागलीस. पंक्चर काढायला मात्र कधी शिकली नाहीस. “तू हायेस ना,” म्हणायचीस. ट्यूब हातात घेतली की तुझं तोंड व्हायचं ते अजून दिसतं मला.

दुसऱ्या दर्याची कल्पनाही तुझीच. चांदीपकडे शेतांच्या कडेला आपण उसाचा रस प्यायला थांबलो होतो. तू म्हणालीस, “सुमे, मी जल्मापासून सूर्य दर्यात बुडतानाच बघलाय. दर्यातनं निघताना एकदा बघायचा हाय.” मी म्हटलं, विमानानं जा. तू म्हणालीस, “इमानात कोन बसंल? सायकलनं जाऊ.” मी हसले. तू हसली नाहीस. आमच्या ह्यांनी विचारलं, वेड लागलंय का तुम्हा दोघींना? मोरेश्वरभावजींनी एवढंच विचारलं, बोंबील किती नेनार?

तर ते बोंबील. तुमच्या घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की घरची सुकी मासळी बरोबर गेलीच पाहिजे. तुझ्या सासूबाई गेल्या, तरी ती पद्धत तू मोडली नव्हतीस. आधी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या, वर जुन्या लुगड्याचा तुकडा, असं चांगलं मोठं गाठोडं तू मागच्या कॅरिअरच्या बॅगेत कोंबलंस. मी म्हटलं, जयू, वास येतो. “कुठं येतो? मला नाय येत.” तुला कसा येईल बाई, तू त्यातच जन्मलीस. आणि गंमत म्हणजे विदर्भात पोचेपर्यंत मलाही येईनासा झाला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुझ्या मागेच तर होते मी.

त्यामुळे रायपूरच्या अलीकडे त्या देवळाच्या धर्मशाळेत खोली घेताना आपल्या दोघींच्याही डोक्यात काही आलं नाही. किती चांगली माणसं होती ती. दोन बाया सायकलनं देश ओलांडतायत म्हटल्यावर पंगतीत आपल्याला पहिल्या रांगेत बसवलं, अंघोळीला गरम पाणी दिलं. व्यवस्थापकांनी त्यांच्या सुनेला बोलावून आपल्या पाया पडायला लावलं. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि अगदी देवीसारखा चेहरा केलास. मी हसू दाबत होते.

सकाळी बघतो तर मांजरांनी बॅग फाडलेली. एक नाही, गावातली सगळी मांजरं गोळा झाली असावीत. बोंबील खोलीच्या दारातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, आणि अंगणातून थेट देवळाच्या पायऱ्यांवर. काकड आरतीला आलेल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या. व्यवस्थापक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघून एवढंच म्हणाले, “माताजी, आप लोग निकल जाइए.” ती सून दारामागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. आमच्या घरात वडील माळकरी होते, जयू. एकादशीला कांदासुद्धा घरात चिरत नसत. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आणि तू काय केलंस? तू खाली बसलीस आणि पायऱ्यांवरचा एकेक बोंबील उचलायला लागलीस. फुंकर मारून धूळ उडवायची, कपाळाला लावायचा, पिशवीत टाकायचा. सगळे बघतायत. मी तुझा दंड धरून म्हटलं, टाक ते तिकडे आणि चल. तू हात झटकलास. “लक्ष्मी हाय ती. टाकू कशी? पोट भरलंय तिनं माझं.” शेवटचा तुकडा उचलेपर्यंत तू हलली नाहीस. मग ओढणीच्या टोकानं ती पायरी पुसलीस, आणि मग निघालीस.

गावाबाहेर रस्त्याला लागल्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता सांगत नाही, तुला पाठच आहे. तूही काही कमी नव्हतीस. घाटीन ती घाटीनच राहिली, असं म्हणालीस. मी म्हटलं, एक तर ते गाठोडं जाईल, नाहीतर मी जाईन. रायपूरहून गाडी आहे, कल्याणला उतरवते. तू पाण्याची बाटली तोंडाला लावलीस, सावकाश प्यायलीस, झाकण लावलंस. “जा.” मी म्हटलं, आणि तू? “मी जानार फुडं.” एकटी? “एकटी.” खरंच जाशील? “जाईन म्हनले ना.”

अजूनही सांगते, माझंच बरोबर होतं. देवळाच्या धर्मशाळेत कोणी मासळी नेतं का? पण त्या क्षणी मला बोंबलांचं काही राहिलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं की माझ्याविना तुझं काही अडत नाही. तिला वाळूतून उठवली मी, गिअर शिकवले मी, तिच्या पायांना तेल चोळलं मी, आणि बाई म्हणते, जा.

मग ते चालवणं. तू पुढे, मी मागे, आणि मध्ये एवढं अंतर की दोघी वेगळ्याच कुठल्या गावाहून निघालोय असं वाटावं. दोन्हीकडे धान कापून झालेली रिकामी शेतं होती, थंडीतलं कोवळं ऊन होतं, रस्ता गुळगुळीत होता. सायकल चालवायला त्याहून चांगला दिवस आपल्याला अख्ख्या प्रवासात मिळाला नाही. आणि तू बोलत नव्हतीस. तुझ्या त्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, पण ती नसली की पायडलं जड होतात हे मला त्या दिवशी कळलं. हल्ली रोजच कळतंय.

फाटा आला. डावीकडे शहर, स्टेशन. सरळ ट्रकांचा मोठा रस्ता, पूर्वेकडे. मी थांबले. वाटलं, तू थांबशील, निदान वळून बघशील. तू सरळ गेलीस. तुझ्या बॅगेला मी सकाळी सुतळीनं गाठ मारून दिली होती, ती हलताना दिसत होती. मग एक ट्रक मध्ये आला आणि तू दिसेनाशी झालीस.

किती वेळ उभी होते देव जाणे. एका रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा, स्टेशन जाना है क्या? मी हो म्हणणार होते. तेवढ्यात डोक्यात आलं, हिला पंक्चर काढता येत नाही. चाक फुटलं तर ही बाई भर रस्त्यात ट्यूबकडे बघत बसेल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देईल. मला असा संताप आला, जयू. जिला चाक काढता येत नाही ती निघाली दर्या बघायला. त्या संतापातच सायकल सरळ रस्त्याला घातली. प्रेमानं आले असं तुला वाटत असेल, तर तसं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

बऱ्याच वेळानं तू सापडलीस. रस्त्याकडेच्या एका टपरीवर, बाकड्यावर मांडी घालून बसलेली. सायकल ठणठणीत, दोन्ही चाकांत हवा. मला बघून म्हणालीस, “च्या पीत होते.” तुझ्यासमोरचा ग्लास कधीच सुकला होता. मी म्हटलं, मीही चहाच प्यायला थांबलेय. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

टपरीवाली आपल्याच वयाची. ती चहा गाळता गाळता थांबली, नाक वर केलं आणि तुझ्या सायकलजवळ गेली. म्हटलं, झालं, इथूनही निघा आता. तिनं बॅगेला नाक लावलं आणि तिचा सगळा चेहराच बदलला. “सुक्सी है का, दीदी?” त्यांच्याकडे सुक्या मासळीला सुक्सी म्हणतात, हे तिनंच मग सांगितलं. तिच्याकडे तळ्यातली बारीक मासळी वाळवतात. दर्यातला बोंबील तिनं जन्मात बघितला नव्हता. तू उठलीस, गाठोडं सोडलंस आणि तिची ओंजळ भरलीस. पायरीवरून उचललेले, कपाळाला लावलेले बोंबील. तिनं चहाचं आधण उतरवलं आणि त्याच चुलीवर कढई चढवली. तू तिला बाजूला सरकवून म्हणालीस, “आधी भाजून घे गो, मग टमाटा.” तिला तुझं मराठी कळत नव्हतं, तुला तिची बोली कळत नव्हती, आणि दोघी एका कढईत हात घालून बोलत होतात.

वांगं, टोमॅटो, बोंबील आणि गरम भात. मी सकाळपासून उपाशी होते. तोंड फिरवून बसायचं ठरवलं होतं, पण तू ताट माझ्या मांडीवरच ठेवलंस आणि तुझ्या ताटातलं वांगं काढून माझ्या ताटात टाकलंस, मला आवडतं म्हणून. टपरीवालीनं विचारलं, “बहनें हो?” मी नाही म्हणायच्या आत तू म्हणालीस, “हां, सगी.” तिनं तुझ्या काळ्याभोर चेहऱ्याकडे बघितलं, माझ्या घाऱ्या डोळ्यांकडे बघितलं आणि मान डोलावली. तिला पटलं. मला तिथेच रडू फुटलं, आणि मी म्हटलं, तिखट फार झालंय.

त्या दिवशी आपण पुढे गेलोच नाही. तिच्या घराच्या ओसरीवर मुक्काम केला. तिनं आपल्या दोघींच्या केसांना तेल लावलं. संध्याकाळी तू तुझ्या नेहमीच्या सुरात बोलायला लागलीस, जणू दिवसभर काही झालंच नव्हतं. मी विचारलं, खरंच गेली असतीस का एकटी? तू पाय लांब केलेस आणि म्हणालीस, “गेले असते की.”

पुढे तो दर्या आपण बघितला. सूर्य पाण्यातून निघाला तेव्हा तू हात जोडलेस आणि तुझ्या ओठांतून एक शब्द निघाला नाही. तुझी एवढी लांब शांतता मी तेवढ्या एकदाच बघितली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

आणि मग घरी आल्यावर दर रविवारी तेच. अर्नाळ्याचा रस्ता असो नाहीतर चांदीपचा चढ, मी मागून ओरडायचे, गेली असतीस का गं? तू पुढून ओरडायचीस, गेले असते! तुझ्या लेकाच्या लग्नात, नवरदेवाची आई म्हणून नटून उभी असतानासुद्धा, मी कानात विचारलं. तू हसू न येऊ देता म्हणालीस, “गेले असते. आता आहेर दे.” तुला वाटायचं, आपला खेळ चाललाय. दवाखान्यात तुझ्याजवळ बसले होते तेव्हाही ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. म्हटलं, आत्ता विचारलं तर तुला वाटेल, मी निरोप घेतेय. तू माझा हात धरून पुढच्या प्रवासाचं बोलत होतीस, कच्छच्या टोकापासून निघायचं आणि पार अरुणाचल. नळ्या लावलेल्या हातानं मला रस्ता दाखवत होतीस. मी आपली ‘हो, हो’ म्हणत होते.

परवा भावजींनी बोलावलं. म्हणाले, “सुमनवैनी, तिची सायकल तुमी न्या. हितं कोन चालवनार?” अंगणात बसलो होतो. मी सहज म्हटलं, भावजी, माझी भारी जिरवायची हो ती. मला सोडून एकटी पुढे जायला निघाली होती रायपूरला.

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “एकटी? तिचा फोन आलेला ना मला त्या दिशी, कुठल्याशा च्याच्या टपरीवरनं. म्हने, सुमी घरी जायचं म्हनते, दोघींची तिकटं बघून ठेवा. मी हितं बसून तिची वाट बघते. नाय आली तर मागं फिरून टेसनावर तिला गाठते. तिला एकटी कशी पाठवू? आन ती नसली तर मी त्यो सूर्य बघून करू काय?” मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं तिनं? भावजी हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “मीबी तेच इचारलं. तर माझ्यावरच खेकसली. म्हने, येडे हाव काय तुमी? सांगितलं तर ती आत्ताच गाडीत बसंल.”

बसले असतेच गं. तू नुसतं ‘चल, मीबी येते’ म्हणाली असतीस तर मी एका पायावर घरी आले असते, आणि मग जन्मभर तुला दोष देत बसले असते. तू मला ओळखत होतीस. पण नंतर? नंतर का नाही सांगितलंस? सूर्य बघून झाला होता, घरी येऊन झालं होतं. मी परवापासून हाच विचार करतेय आणि मला तुझं ते कच्छ आठवतं. पुढच्या वेळी मी पुन्हा कुठल्यातरी फाट्यावर अडून बसेन, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून तू ते उत्तर तसंच जपून ठेवलंस ना?

इतकी वर्षं मी हा वाद जिंकायला बघत होते. आता जिंकलेय. तू गेली नसतीस. टपरीवर बसून राहिली असतीस, नाहीतर स्टेशनवर आली असतीस, पण माझ्याविना टपरीच्या पुढे एक पायडल मारलं नसतंस. मला हे आता पक्कं कळलंय, आणि सांगायला कोणी नाही. ह्यांना सांगितलं, ते ‘अरे वा’ म्हणाले. ये ना गं, जयू. एकदाच ये, भांडायला ये. तू हरलीस, हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय.